पिवळं कार्ड

केनियाला जायचं ठरलं तेव्हा मला भीती होती सिंहाची. टूरवाला म्हणाला, "काका, सिंहाचं आम्ही बघतो. तुम्ही डासांचं बघा."

तिथले डास दोन पाळ्यांत काम करतात. पिवळा ताप पसरवणारा एडिस दिवसपाळीला आणि मलेरियाचा ॲनोफिलिस रात्रपाळीला. म्हणजे माणसाला सुट्टी नाही.

पिवळ्या तापाची लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच जावं लागतं. शिवाय एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि फोडलेली कुपी ठेवून चालत नाही, म्हणून ठरलेल्या दिवशी सगळ्यांना एकदम बोलावतात. आमचा दिवस नेमका संकष्टीचा निघाला.

"अंड्याची ॲलर्जी?" नर्सबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे अंडं खात नाहीत."

"ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून विचारते."

मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "खायचं नाहीये, टोचायचंय. करा दंड पुढे." धर्मशास्त्र संपलं. याच लसीसाठी मॅक्स थायलर यांना १९५१ साली नोबेल मिळालं होतं. नर्सबाईंनी तिचा निकाल दहा सेकंदांत लावला आणि हातात पिवळं कार्ड ठेवलं.

"केनियात हे कुठे दाखवायचं?"

"केनियाला नाही हो, परत येताना मुंबईला दाखवायचं."

तेव्हा उलगडा झाला. भारतात पिवळा ताप नाही, त्यामुळे थेट इथून जाणाऱ्याचं केनियाला भय नाही. भय आपल्याला आहे. एडिस डास आपल्याकडे घरोघरच्या कुंड्यांत तयार बसलेत, फक्त विषाणू नाही. तो कुणी प्रवाशाने आणून दिला की पुढचं काम ते आनंदाने करतील. म्हणून कार्डाशिवाय परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, कारण रोगाची लक्षणं दिसायला तीन ते सहा दिवस लागतात.

मलेरियासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लीन दिलं. निघण्याच्या आदल्या दिवसापासून रोज एक आणि परतल्यावर आणखी चार आठवडे. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात जपायचं. दुपारच्या जेवणानंतर आडवं न होणं हा पथ्यातला सर्वांत कडक भाग होता.

मसाई मारात पहिल्याच दिवशी मी नवाकोरा गडद निळा शर्ट चढवला. ही मातकट रंगाच्या जुन्या कुर्त्यात. जीपमध्ये त्सेत्से माशा शिरल्या त्या थेट माझ्यावर. कपड्यावरूनही चावतात त्या! ड्रायव्हर हसत म्हणाला, "निळ्या-काळ्यावर येतात त्या. त्यांना पकडायचे सापळेसुद्धा याच रंगाच्या कापडाचे." म्हणजे साडेतीन हजार मोजून मी सापळा विकत घेऊन अंगात घातला होता. सिंह समोरच झाडाखाली झोपला होता. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

परतीला मुंबई विमानतळावर उतरलो. आरोग्य खात्याच्या टेबलापाशी रांग. "यलो कार्ड?"

आणि माझ्या पोटात गोळा आला. कार्ड हरवू नये म्हणून मी ते मोठ्या बॅगेत, स्वेटरच्या घडीत, कुलूप लावून ठेवलं होतं. बॅग येणार पट्ट्यावर. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे. टेबल इमिग्रेशनच्या अलीकडे. डोळ्यांसमोर सहा दिवस आणि सहा रात्री उभ्या राहिल्या. मी साहेबांना बॅग, कुलूप, स्वेटर अशा क्रमाने समजावू लागलो. साहेब ऐकत होते. ही पण शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर हिने पर्स उघडली आणि दोन पिवळी कार्डं टेबलावर ठेवली.

"नैरोबीलाच काढून घेतलं होतं मी," ही म्हणाली. "म्हटलं, बघू तरी काय सांगताय ते."

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढं करावं: प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून लस आधीच घ्यावी. २०१६ पासून ते जन्मभर चालतं, म्हणून कार्ड जपावं आणि पासपोर्टाबरोबरच ठेवावं. आमची दोन्ही कार्डं आता हिच्या पर्समध्ये असतात.