ऐकण्याआधी करावयाच्या गोष्टी

पॉडकास्ट ऐकणं सोपं असतं, असा एक समज समाजात पसरलेला आहे. फोन आहे, कान आहे, लावलं आणि ऐकलं. अशी माणसं खरोखर आढळतात. भांडी घासता घासता ती तासाभराची मुलाखत ऐकून मोकळी होतात आणि पुढच्या कामाला लागतात. प्रस्तुत मार्गदर्शन त्यांच्यासाठी नाही. ज्यांना ऐकण्याआधी योग्य ॲप निवडायचं आहे, निवडलेलं पुन्हा तपासून बघायचं आहे आणि शेजारच्याचं ॲप कसं चुकीचं आहे हेही त्याला समजावून सांगायचं आहे, अशा गंभीर वृत्तीच्या श्रोत्यांसाठी हे लिहिलं आहे.

माझा अधिकार विचाराल, तर या विषयात माझी तीन वर्षं गेली आहेत. सहा ॲप वापरून झाली. त्यातली चार अजून फोनमध्ये नांदत आहेत. सुरुवात मी पानिपतावरच्या एका पॉडकास्टपासून केली होती. त्यातले मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब अजून पटदूरच्या छावणीतून निघालेले नाहीत.

पूर्वतयारी : कुळाची चौकशी

'पॉडकास्ट' हा शब्द 2004 च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने 'द गार्डियन'मधल्या एका लेखात वापरला. ॲपलच्या आयपॉडमधला 'पॉड' आणि ब्रॉडकास्टमधला 'कास्ट'. नव्या प्रकाराला काय म्हणावं हे ठरत नव्हतं, म्हणून त्याने जाता जाता आणखी दोन नावं पुढे केली होती : 'ऑडिओब्लॉगिंग' आणि 'गेरिलामीडिया'. हे शेवटचं रुजलं असतं, तर गनिमी काव्याचं ॲप म्हणून ते महाराष्ट्रात घरोघरी पोचलं असतं आणि या लेखाची गरजच पडली नसती. पण रुजला पॉडकास्ट. पुढे 2022 मध्ये ॲपलने आयपॉड कायमचा बंद केला. म्हणजे मूळपुरुष निवर्तले, आडनाव तेवढं चालू आहे.

आता कार्यपद्धती. पॉडकास्ट करणारा आपला आवाज एखाद्या सर्व्हरवर ठेवतो आणि त्याबरोबर एक यादी ठेवतो : कोणता भाग, कधीचा, कुठे आहे. या यादीला आरएसएस फीड म्हणतात. तुमचं ॲप अधूनमधून त्या यादीत डोकावतं आणि नवीन काही दिसलं की तुमच्या दारात आणून टाकतं. थोडक्यात, ॲप म्हणजे पेपरवाला. पेपर तो छापत नाही, अग्रलेख तो लिहीत नाही. तो वेळेवर येतो की नाही आणि पेपर कुंडीत टाकतो की दाराशी, एवढंच आपण बघायचं. हे एकदा समजलं की ॲप निवडायला फार तर पाच मिनिटं लागतात. म्हणून गंभीर श्रोत्याने हे समजून घेण्याची घाई करू नये.

उमेदवारांची ओळख

आयफोनवाल्यांना ॲपल पॉडकास्ट्स फोनबरोबरच मिळतं. फुकट आणि समोर आहे, म्हणून गंभीर श्रोता ते कधीच वापरत नाही. त्याची धाव ओव्हरकास्टकडे. मार्को आर्मेंट नावाच्या एका प्रोग्रॅमरने 2014 मध्ये ते आणलं आणि ते अँड्रॉइडवर मिळत नाही. अँड्रॉइडवाल्यांनी हळहळण्याचं कारण नाही, त्यांच्याकडे अँटेनापॉड आहे : स्वयंसेवकांनी बनवलेलं, फुकट, स्वतःची एकही जाहिरात नसलेलं आणि ज्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो असं. मी तो वाचलेला नाही, पण वाचता येतो हे चारचौघांत सांगता येतं. पॉकेट कास्ट्स दोन्हीकडे चालतं, त्यामुळे नवरा-बायकोचे फोन वेगळ्या पंथांचे असले तरी घरात सलोखा राहतो.

उरले स्पॉटिफाय आणि यूट्यूब. पेपरवाल्याची उपमा इथे अडखळते, कारण या दोघांनी आपापलं दुकान थाटलंय आणि काही माल त्यांच्या दुकानातच मिळतो. मराठी श्रोत्याला इथे सावध राहावं लागतं. 'अमुक तमुक', 'व्हायफळ' यांसारखे गप्पांचे कार्यक्रम आपल्याकडचे पुष्कळ लोक यूट्यूबवर चित्रासकट बघतात. एखादा कार्यक्रम फक्त यूट्यूबवरच असेल आणि त्याचा फीड कुठे नसेल, तर तो अँटेनापॉडमध्ये जन्मभर शोधत बसलात तरी सापडायचा नाही. आणि साध्या, फुकटच्या यूट्यूबवर स्क्रीन बंद केली की वक्ताही गप्प होतो. खिशात पेटता फोन घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे लोक काळजीने बघतात, हा माझा अनुभव आहे.

परीक्षा पहिली : वेगाची

प्रत्येक ॲपमध्ये आवाजाचा वेग वाढवता येतो. दीडपट केला की तासाचा भाग 40 मिनिटांत संपतो, दुप्पट केला की 30 मिनिटांत. काही ॲप याच्या पुढे जातात आणि दोन वाक्यांमधली शांतताही कापून टाकतात. ओव्हरकास्टची कीर्ती बरीचशी याच करामतीवर उभी आहे. अनुभवी वक्ता परिणाम साधायला मुद्दाम थांबतो. तो थांबा गाळला जातो आणि परिणाम दहा मिनिटं आधी घडतो.

ही परीक्षा आठवडाभर, एक पूर्णांक आठ दशांश वेगाने द्यावी. मी दिली. सातव्या दिवशी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि पाण्याच्या टाकीविषयी बोलू लागले. पाचव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की माझा अंगठा खिशातल्या फोनवर 'तीस सेकंद पुढे' दाबतोय. ते टाकीच्या झाकणापाशीच होते.

परीक्षा दुसरी : बोगद्यांची

ॲप खरं कसं आहे हे घरच्या वायफायवर कळत नाही. त्याला कर्जत-लोणावळा घाटात न्यावं लागतं. कर्जतला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात, वडेवाले खिडकीशी येतात आणि श्रोता निर्धास्तपणे कान बंद करून बसतो. गाडी चढाला लागते. पहिल्या बोगद्यात नेटवर्क जातं, बाहेर आल्यावर एक कांडी दिसते न दिसते तोच पुढचा बोगदा. ज्याने आधी भाग उतरवून ठेवला नाही, त्याचा वक्ता "आणि त्या रात्री घरात होती ती फक्त" इतकं म्हणून थांबतो. कोण होती ते लोणावळ्याला कळतं.

म्हणून भाग आदल्या रात्री वायफायवर आपोआप उतरवून ठेवणारं ॲप घ्यावं. हिशेब सोपा आहे : 128 केबीपीएसचा तासाभराचा भाग साधारण 58 एमबी भरतो, 64 चा त्याच्या निम्मा. इथे फोनच आडवा येऊ शकतो. बॅटरी वाचवण्याच्या सद्हेतूने काही अँड्रॉइड फोन रात्री ॲपलाच झोपवतात. सकाळी उतरवलेलं काही नसतं, बॅटरी मात्र भरपूर असते. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरती ही काटकसर बंद करता येते. ही सूचना या लेखात चुकून उपयोगी आलेली आहे.

परीक्षा तिसरी : मेथीची

पॉडकास्ट ऐकला जातो तो हात गुंतलेले असताना. म्हणून ॲपची परीक्षाही तशीच घ्यावी. एक जुडी मेथी घ्या, फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा करा आणि बसा. बोटांना माती लागलेली, नखांत देठाचा हिरवा रस, आणि नेमकी तेव्हाच जाहिरात सुरू होते. आता फोन न उचलता, करंगळीच्या कोपऱ्याने, लॉक केलेल्या स्क्रीनवरचं 'पुढे' बटण दाबता आलं पाहिजे. जमलं तर ॲप उत्तीर्ण. करंगळी बाजूच्या बटणावर पडून भाग पहिल्यापासून सुरू झाला तर अनुत्तीर्ण, आणि स्क्रीनवर मातीचा ठसा वेगळा.

काही ॲपांत उडी किती सेकंदांची असावी हे ठरवता येतं. पुढची तीसची ठेवावी, मागची दहाची. जाहिरात लांब असते, आपलं लक्ष थोडाच वेळ उडालेलं असतं. हे ठरवायला मला एक संध्याकाळ लागली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय ऐकतोयस रे एवढं?" म्हटलं, "अजून काही नाही. सेटिंग बघतोय."

जाहिरातींबद्दल एक भ्रम इथेच दूर करतो. ॲपला पैसे दिले की ॲपच्या जाहिराती जातात. पॉडकास्टच्या आत बसवलेली जाहिरात त्या कार्यक्रमाची असते, ती राहते. पेपरवाल्याला बक्षिसी दिली म्हणून पेपरातल्या जाहिराती कमी होत नाहीत.

परीक्षा चौथी : झोपेची

प्रत्येक बऱ्या ॲपमध्ये झोपेचा टायमर असतो. पंधरा मिनिटांचा लावला, की पंधराव्या मिनिटाला आवाज आपोआप बंद. मी सातव्या मिनिटाला झोपतो. उरलेली आठ मिनिटं पॉडकास्ट एकटाच बोलत असतो, आणि काय ऐकलं काय नाही हे न कळल्याने दुसऱ्या रात्री मी पानिपत पुन्हा आरंभापासून लावतो. 1760 चा मार्च, पटदूरची छावणी, तंबूंची वर्णनं, दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी. हे सगळं मला आता पाठ आहे. कूच मात्र आठव्या मिनिटाला असावं असा माझा अंदाज आहे.

परीक्षा पाचवी : सामानाची

एवढी एकच परीक्षा घेतली तरी चालेल, म्हणून ती शेवटी ठेवली आहे. घर भाड्याने घेताना आपण नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतो. सोडताना सामान बाहेर नेता येईल का, हे कुणी विचारत नाही, कारण ते नेता येतंच. ॲपच्या बाबतीत विचारावं लागतं. स्टिचर हे जुनं, नावाजलेलं ॲप 2023 च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. गूगल पॉडकास्ट्स 2018 मध्ये आलं आणि 2024 मध्ये गेलं. जाताना गूगलने आगाऊ सांगितलं आणि श्रोत्याला आपल्या कार्यक्रमांची यादी बाहेर काढायची सोय दिली. सगळेच देतात असं नाही. एका ॲपने (नाव घेत नाही) माझी दोन वर्षांची यादी एका अपडेटच्या वेळी अशी गिळली, की मी कोणाचा श्रोता होतो हे मला आठवून काढावं लागलं. आठवले तीन.

या सामानाच्या गाठोड्याला ओपीएमएल म्हणतात. ही एक साधी मजकुराची फाइल असते, मामांनी सकाळी पाठवलेल्या गुलाबाच्या फोटोपेक्षा बहुधा लहान. सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' शोधा. सापडलं, तर फाइल काढून स्वतःलाच मेल करा. अशी फाइल घेणाऱ्या कुठल्याही दुसऱ्या ॲपमध्ये ती 'इम्पोर्ट' केली की तुमचे सगळे कार्यक्रम तिथे हजर. पेपरवाला बदलला, पेपर तेच. सापडलं नाही, तर बटणं कितीही देखणी असोत, त्या घरात बिऱ्हाड करू नका.

समारोप : बाजारबुणगे

ही परीक्षा देताना माझं सामान पहिल्यांदाच एका जागी आलं. फाइल उघडली तर 143 कार्यक्रम. गुंतवणुकीचे नऊ, पहाटे उठण्याचे पाच, एक मधमाशीपालनाचा. न ऐकलेले भाग किती, ते ॲपने लाल गोलात लिहिलं होतं, पण आकडा गोलात मावत नव्हता. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर लढणारे होते त्याहून जास्त न लढणारे होते म्हणतात : यात्रेकरू, कुटुंबकबिला, दुकानदार, बाजारबुणगे. इतका लबेदा घेऊन फौज चालणार तरी किती? माझी तर पटदूरलाच अडली होती. तीन वर्षं मी घोडा बदलत होतो.

त्या संध्याकाळी यात्रेकरूंना निरोप दिला. मधमाश्या गेल्या, पहाटे उठणारे पाचही गेले. राहिले सात. मग चार ॲपपैकी जे पहिलं हाताला लागलं ते उघडलं. ते कोणतं, हे शास्त्रीय काटेकोरपणासाठी सांगायला हवं, पण मी बघितलं नाही, कारण समोर मेथी होती. फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवला. वेग साधा. टायमर बंद.

आठव्या मिनिटाला भाऊसाहेब निघाले.

जुडी संपत आली तेव्हा फौज बऱ्हाणपुराच्या वाटेला लागली होती. मी देठं गोळा करू लागलो तशी आई म्हणाली, "फ्रीजमध्ये अजून एक जुडी आहे, पण राहू दे, उद्या करू."

म्हटलं, "दे ना. बऱ्हाणपुरापर्यंत होईल."