वनौषधी हवी, पण गुणाची नको

कर्करोगाच्या रुग्णाला भेटायला हल्ली कुणी रिकाम्या हाताने येत नाही. एखादा पाला घेऊनच येतो. गुळवेल, गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळाची पानं. ‘नैसर्गिक आहे हो, साइड इफेक्ट नाही,’ ही हमी फुकट. कळा थांबल्या नाहीत, तर दोष पाल्याचा नसतो. रुग्णानेच पथ्य मोडलेलं असतं. गुळवेलीने काहींचं यकृत दुखावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, पण त्या व्हॉट्सॲपवर येत नाहीत.

मग डॉक्टर मॉर्फीनचं नाव काढतात आणि नातेवाईक दचकतात. ‘अहो, सवय लागेल ना!’ ही काळजी, ज्याचा आजार हाडांत पसरलाय त्याच्या भवितव्याची.

मॉर्फीन येतं अफूच्या बोंडातून, म्हणजे अस्सल वनस्पतिजन्य. त्याच बोंडातल्या खसखशीवर आपण दिवाळीला अनारसे थापतो. नीमच-मंदसौरकडे अफू सरकारी परवान्याने पिकते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फीन द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगितलं. आपण त्याच्या वर्षभर आधी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा असा कायदा केला की परवान्यांच्या धास्तीने औषध दुकानदारांनी ते ठेवणंच टाळलं. २०१४ मध्ये कायदा सैल झाला. धास्ती झाली नाही.

एकूण काय, वनौषधींवर आपली श्रद्धा अढळ आहे. अटी दोनच: डोस मोजलेला नसावा आणि गुण येता कामा नये.