शिधापत्रिकेवरील आंतरजाल

सरकार असो, संस्थान असो किंवा तीन खोल्यांचा संसार असो, खजिन्यात खडखडाट झाल्याची वर्दी आली की काटकसरीचे पहिले फर्मान टाचण्या, कोरे कागद आणि शिपायाचा चहा यांवरच सुटते; हत्तीखान्याच्या जमाखर्चाकडे नजर वळण्याची पाळी अगदी शेवटी येते, आणि ती येईपर्यंत बहुधा माहुतालाच खजिनदार नेमलेले असते. या सनातन रिवाजाचा ताजा दाखला आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर नित्य पाहावयास मिळतो. तेथील राज्यकारभार ज्यांच्या हाती आहे ते गृहस्थ तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. ‘रावसाहेब’ हे संबोधन कचेरीत तहसीलदारांसाठी राखीव असल्यामुळे उभ्या नोकरीत ते त्यांच्या वाट्यास आले नाही. निवृत्तीनंतर सोसायटीने ते एकमताने बहाल केले, आणि आता त्यांच्या पत्नीही चारचौघांत त्यांचा उल्लेख त्याच नावाने करतात.

तर झाले असे, की गेल्या जुलैत, एकोणीस तारीख उजाडते न उजाडते तोच, रावसाहेबांच्या मोबाईलवर संदेश येऊन थडकला की घरास मंजूर असलेला ३०० जीबींचा मासिक कोटा संपुष्टात आला असून महिनाअखेरपर्यंत नेटचा वेग सेकंदाला २ मेगाबिटांवर आणण्यात आला आहे. २००४ सालच्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ब्रॉडबँड म्हणून राजमान्यता दिली होती. २०२३ साली ती किमान मर्यादा २ मेगाबिटांवर नेण्यात आली. म्हणजे ज्या वेगाच्या अष्टमांशावर वीस वर्षांपूर्वी आपण कृतकृत्य होत होतो, तोच वेग आज शिक्षा म्हणून फर्मावला जातो, आणि ती शिक्षाच आहे याविषयी कोणाचेही दुमत नाही; कारण उत्तम दर्जाच्या तासाभराच्या चित्रफितीस ३ जीबीपर्यंत डेटा लागतो असे नेटफ्लिक्सचे कोष्टक सांगते, आणि एवढा ऐवज २ मेगाबिटांच्या वाटेने घरी यावयास तीन तास वीस मिनिटे लागतात. रावसाहेबांच्या दिवाणखान्यात त्या वेळी इंग्लंडातील कसोटी सामना चालू होता. गोलंदाज धावत आला, चेंडू त्याच्या हातून सुटण्याच्या बेतात असतानाच सारे चित्र थिजले, पडद्याच्या मध्यभागी एक वर्तुळ गरगर फिरू लागले, आणि ते थांबले तेव्हा आपला फलंदाज हातमोजे काढीत तंबूच्या पायऱ्या चढत होता. तो त्रिफळाबाद झाला की पायचीत, हे रावसाहेबांना संध्याकाळी, तेही खालच्या मजल्यावरच्या वॉचमनकडून समजले.

केबलवाल्याचा पोरगा येऊन डबा पाहून गेला. “काका, बॉक्सला काय झालेलं नाय,” तो चपला घालता घालता म्हणाला, “घरात कोणतरी लय नेट ओढतंय.”

‘कोणतरी’ हा एवढा एकच शब्द महसूल खात्यात मुरलेल्या माणसाला पुरेसा होता. दुसऱ्याच दिवशी घरातील यच्चावत माणसांचे जबाब नोंदविण्यात आले. आपण सकाळी पंढरीच्या विठोबाचे थेट दर्शन तेवढे घेतो, असे रावसाहेबांच्या मातोश्रींनी सांगितले. सूनबाई हिंजवडीतील एका कंपनीचे काम घरून करीत असल्यामुळे दिवसातून चार-पाच मीटिंगा होतात, असे त्यांनी लॅपटॉपवरून मान न उचलता लिहून दिले. चिरंजीवांनी तोंडावर बोट ठेवले. नातवाने मात्र कबुलीजबाब दिला की हत्तीच्या पिल्लाचे एक गाणे आपण सकाळी, दुपारी आणि जेवताना पाहतो, आणि त्यास जोडून विचारले, “ते एकदाच डाउनलोड करून ठेवलं तर परत परत नेट जाणार नाही ना, आजोबा?” सूचना बिनतोड होती, परंतु ती योग्य मार्गाने, म्हणजे आईबाबांच्या शिफारशीसह, सादर झालेली नसल्यामुळे दप्तरदाखल करण्यात आली, आणि पंधरवड्यानंतर रावसाहेबांना स्वतंत्रपणे सुचलेली कल्पना म्हणून तिची अंमलबजावणी झाली, हे आमच्या प्रशासकीय परंपरेस धरूनच झाले.

शिधावाटपाचे संस्कार या घराण्यात जुने आहेत. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, मुंबईत रेशनिंग सुरू झाले तेव्हा रावसाहेबांचे तीर्थरूप त्या खात्यात उमेदवारी करीत होते, आणि माणशी धान्य, साखर व रॉकेल यांचे प्रमाण ठरविणारी ती विद्या त्यांनी पुत्रास बाळकडूबरोबर पाजली होती. त्यामुळे ऑगस्टची पहिली तारीख उजाडली ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, एक शिधापत्रिका घेऊनच. कुटुंबप्रमुखाचे नाव, कुटुंबातील व्यक्ती, नाते, वय, मंजूर डेटा, उचललेला डेटा, शिल्लक आणि शेरा, असे आठ रकाने तांबड्या शाईने आखलेले होते. वायफायचा पासवर्ड बदलण्यात आला व तो रावसाहेबांच्या पैशाच्या पाकिटात, आधारकार्डाच्या मागे, ठेवण्यात आला. ज्यास जादा डेटा हवा असेल त्याने आदल्या दिवशी लेखी अर्ज करावा, कारण सबळ असल्यास विचार होईल, असे परिपत्रक निघाले. आणि नातवाचा शाळेच्या प्रकल्पासाठी आलेला पहिलाच अर्ज, त्यावर तारीख नसल्यामुळे, फेटाळला गेला.

काटकसरीची पहिली कुऱ्हाड अर्थातच आजींवर कोसळली. दर्शनाची चित्रफीत सर्वांत खालच्या, म्हणजे १४४पी दर्जावर आणण्यात आली. आता पाव तासाचे दर्शन ४८०पी दर्जाने घेतले तरी त्यास फार तर दोनशे एमबी लागतात, म्हणजे ३०० जीबींच्या कोठारात ते मुंगीच्या वाट्याइतकेही नव्हते. परंतु काटकसर दिसावी लागते, आणि ती आजींच्या टॅबवर जेवढी स्पष्ट दिसली तेवढा विठोबा मात्र दिसला नाही. अठ्ठावीस युगे समचरण उभे असलेले ते ध्यान करड्या-काळ्या चौकटींचा ढीग होऊन पुढ्यात आले. आजींनी चष्मा पुसला, टॅब पुसला, शेवटी हात जोडून म्हणाल्या, “बाळ, देवाचे कटेवरचे हात काढून घेतलेस ते घेतलेस, निदान वीट तरी ठेव.”

सूनबाईंना मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवण्याचा हुकूम झाला. तो त्यांनी इतक्या तत्परतेने शिरोधार्य मानला की त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

व्हॉट्सअॅपवर येणारी छायाचित्रे आणि चलच्चित्रे वायफायवर असताना आपोआप उतरून घेण्याची सोय त्या यंत्रणेत मुळातच चालू ठेवलेली असते, आणि ती ‘सेटिंग’मध्ये जाऊन ज्याची त्याने बंद करावयाची असते, हे चिरंजीवांनी एका टिपणाद्वारे निदर्शनास आणले. टिपण मंजूर झाले. सर्वांच्या मोबाईलवरील ती सोय बंद झाली. अपवाद एकच. निवृत्तांचा, भाऊबंदांचा, सोसायटीचा आणि हास्यमंडळाचा अशा चार गटांतून रोज पहाटे जे सूर्योदय, गुलाब, वाफाळलेले कप आणि सुविचार रावसाहेबांकडे येतात, ते ‘शासकीय टपाल’ या सदरात मोडत असल्यामुळे त्यांस हात लावण्यात आला नाही. ही सदरांची कला ज्याला साधली त्याला काटकसरीचे भय नसते.

पुढे श्रावण लागला. १९६५ साली अन्नधान्याची टंचाई असताना लालबहादूर शास्त्रींनी देशवासीयांना सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते, आणि आमच्या पिढीतील पुष्कळांच्या घरी तो सोमवार पुढे कित्येक वर्षे पाळला गेला. त्या पुण्यस्मृतीस अनुसरून रावसाहेबांनी दर सोमवारी संपूर्ण कुटुंबासाठी नेटचा उपवास जाहीर केला. रविवारी मध्यरात्री राउटरचे बटण ते स्वहस्ते बंद करू लागले. परंतु फराळाची तजवीज केल्यावाचून मराठी माणूस उपवास करीत नाही, हे राष्ट्राच्या इतिहासास माहीत असूनही रावसाहेब विसरले. रविवारी रात्री दहापासून घरातील प्रत्येक यंत्र सोमवारची बेगमी करू लागले. चिरंजीवांनी एका मालिकेचे तीनही हंगाम उतरवून घेतले, ज्यांपैकी पहिल्या भागाची पहिली दहा मिनिटेच पाहून त्यांना झोप लागली. नातवाने हत्तीच्या पिल्लाबरोबर त्याचे समस्त गणगोत आणून ठेवले. काकूंनी, म्हणजे रावसाहेबांच्या पत्नींनी, उपवासाच्या पदार्थांच्या कृती म्हणून जेवढी चित्रे साठविली तेवढा साबुदाणा वाण्याकडेही नसेल. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण ज्या पूर्वजाने घडविली त्याला वायफाय ठाऊक नव्हते, पण आपली माणसे पक्की ठाऊक होती. त्या सोमवारांच्या कृपेने ऑगस्टचा कोटा जुलैपेक्षाही एक दिवस आधी आटोपला.

आता मात्र खुद्द राउटरचा पंचनामा करण्याचे ठरले. केबलवाल्याच्या पोराला पुन्हा पाचारण झाले. त्याने रावसाहेबांच्याच मोबाईलवर राउटरचे पान उघडले, कोणत्या यंत्राने किती डेटा खाल्ला याची उतरत्या क्रमाची यादी काढली, आणि दोन पंचांच्या, म्हणजे माझ्या व सोसायटीच्या चिटणिसांच्या, समक्ष ती मोठ्याने वाचली. आजींचा टॅब तळाशी होता. सूनबाईंचा लॅपटॉप मध्यावर. दुसऱ्या क्रमांकावर दिवाणखान्यातील टीव्ही विराजमान होता: कसोटीचे पाच दिवस, दिवसाचे सहा तास आणि तासाचे ३ जीबी, अशी ९० जीबींची रास एकाच सामन्यात फस्त होत होती. आणि अग्रस्थानी होता दाराबाहेरचा कॅमेरा.

दीड वर्षापूर्वी रावसाहेबांच्या कोल्हापुरी चपला कोणी तरी लांबविल्यानंतर चपलांच्या स्टँडवर रोखून तो बसविण्यात आला होता. तेव्हापासून तो घरातील पाच प्रौढांच्या पादत्राणांचे अहोरात्र चित्रीकरण करून ते सातासमुद्रापारच्या कोठल्याशा साठवणघरात बिनबोभाट पाठवीत होता. सेकंदाला एक मेगाबिट म्हटले तरी दिवसाला पावणेअकरा जीबी आणि महिन्याला सव्वातीनशेच्या घरात. म्हणजे सारे कुटुंब कुलूप लावून काशीस गेले असते तरी कोटा महिनाअखेर गाठता ना. कुंपणानेच शेत खाल्ले होते, आणि खाताना समोरच्या चपलांवरची नजर काढली नव्हती. “काका, यात मेमरी कार्ड टाका ना,” पोरगा म्हणाला, “आणि कोण आलं-गेलं तरच रेकॉर्ड व्हायला लावा. दोन मिनिटांचं काम आहे.”

रावसाहेबांनी चष्मा काढला व परत घातला. मग त्यांनी निर्णय दिला, तो असा: कॅमेऱ्यावरील खर्च संरक्षणाच्या बाबीखाली येत असल्यामुळे त्याची चर्चा कुटुंबसभेत करणे प्रशस्त नाही, कार्डाच्या खरेदीसाठी तीन दरपत्रके मागवावीत, क्रिकेट हा राष्ट्रीय जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळे टीव्हीच्या दर्जात कपात करता येणार नाही, आणि टॅबवरील दर्शन मात्र, यादीत अगदी तळाशी असल्यावरून कपातीचा उपाय तेथे यशस्वी झाल्याचे सिद्ध होत असल्यामुळे, १४४पीवरच चालू ठेवावे. आम्ही पंचांनी सह्या केल्या. चहा बिनसाखरेचा होता.

हे प्रकरण येथेच तहकूब व्हायचे; परंतु त्याच संध्याकाळी मोबाईलांचे रिचार्ज मारण्याची तारीख आली. मोबाईल कंपन्यांच्या पंचांगात महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षाला तेरा रिचार्ज होतात आणि अधिक मास आपल्याकडे तीन वर्षांनी येतो तो त्यांच्याकडे दरसाल येतो. पाच मोबाईलांचे पैसे भरता भरता सूनबाई सहज बोलून गेल्या, “बाबा, या प्रत्येकावर रोज दीड जीबी डेटा मिळतो. आपण घरात सगळे वायफायवर, त्यामुळे तो वापरलाच जात नाही. रात्री बारा वाजले की उरलेला सगळा जातो.”

“जातो म्हणजे?”

“लॅप्स होतो.”

पाच मोबाईल, दिवसाला साडेसात जीबी, अठ्ठावीस दिवसांचे २१० जीबी! मंजूर निधी खर्ची न पडता परत जाणे यापरते पातक कचेरीत नाही. ३१ मार्चच्या रात्री गॅसबत्तीच्या उजेडात ज्यांनी बिलांवर सह्या घेतल्या, कोषागाराच्या दारात बसून धनादेश काढून आणले, आणि उरलेल्या पैशांत कचेरीला नको असलेली सहा कपाटे घेऊन दाखविली, त्या माणसाच्या स्वतःच्या घरात रोज रात्री मार्चअखेर होत होता आणि निधी व्यपगत होत होता. शिधापत्रिका भिंतीवरून उतरविण्यात आली. तिच्या जागी नवे कोष्टक लागले: व्यक्ती, मंजूर अनुदान, झालेला खर्च, अखर्चित शिल्लक व ती शिल्लक राहण्याची कारणे.

तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावर रात्री अकरा वाजता वायफाय बंद होते आणि सर्व मंडळी आपापला मोबाईल घेऊन दिवाणखान्यात खर्चास बसतात. चिरंजीव दोन दोन चित्रपट एकदम लावतात. काकूंना दिल्लीच्या राजपथावरील जुन्या संचलनांची ओळख झाली आहे. ज्याचे अनुदान साडेअकरापर्यंत संपत नाही त्यास रावसाहेब स्वतः सर्वोच्च दर्जाचे काहीतरी लावून देतात. परवा रात्री पावणेबाराच्या तपासणीत आजींच्या नावावर तब्बल सव्वा जीबी अखर्चित आढळला. त्यांना झोपेतून उठवून, खांद्यावर शाल घालून, आरामखुर्चीत आणून बसविण्यात आले. हाती मोबाईल देण्यात आला, आणि एवढे दिवस नाकारलेले विठोबाचे दर्शन आता पूर्ण दर्जाने घेण्यास फर्मावण्यात आले. आजींनी पडद्याकडे पाहिले. शेजारती होऊन गाभाऱ्याचा दरवाजा बंद झालेला होता.

“अरे, देव झोपला,” आजी म्हणाल्या, “आता मला तरी झोपू दे.”

“पाऊण जीबी उरलाय, आई,” रावसाहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, “दरवाजाच पाहा.”