ड्रोन आणि नववी ब

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. हे झालं केंद्र सरकारचं. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांची सही लागते, लॅबच्या कपाटाची किल्ली लागते आणि ती किल्ली ज्यांच्या कमरेला असते त्या शिपाईमामांची मर्जी लागते. नीती आयोग अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान देतो, ते मुलांचा हात वस्तूंना लागावा म्हणून. पण एकदा डेडस्टॉक रजिस्टरात नोंद झाली की त्या वस्तूला मुलांचा हात लागणं आमच्याकडे अशुभ मानतात. आमचा सूक्ष्मदर्शक बाद झाला तेव्हा कोरा करकरीत होता.

म्हणून विज्ञानाच्या बाई खरोखरच ड्रोन घेऊन वर्गात शिरल्या तेव्हा नववी ब चिडीचूप झाली. मी मराठीचा, मला ‘शिस्तीसाठी’ दाराशी उभं केलेलं. पहिला हुकूम सुटला : पंखे बंद, खिडक्या बंद. महिना एप्रिलचा. ड्रोनच्या आधी माझेच प्राण उडतात की काय, असं वाटलं.

ड्रोन वर गेला आणि कुणी काही न सांगता फळ्याकडे निघाला. बाईंनी बॅटरी बदलली. पुन्हा फळ्याकडेच. (नववी ब मधल्या कुणालाच फळ्याची इतकी ओढ नाही.) तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, फरशी लई चकचकीत आहे. त्याला खाली काही दिसतच नसंल.” आणि तसंच होतं! पोटाखालच्या कॅमेऱ्यानं जमिनीवरच्या खुणा बघून तो जागा धरतो, आणि आमची फरशी तपासणीसाठी नुकतीच घासूनपुसून काढलेली. स्नेहसंमेलनाची पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी अंथरली, तर तिच्यावर तो असा स्थिर राहिला, की आजवर कुठला प्रमुख पाहुणाही राहिला नसेल.

न्यूटनचा तिसरा नियम मुलांना तोंडपाठ. नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा. त्याच नियमापायी ड्रोनच्या चार पंख्यांपैकी कर्णाच्या दोन टोकांचे एका दिशेनं फिरतात, उरलेले दोन उलट. नाहीतर तो स्वतःभोवतीच गरगरत राहील. एका गुणी बाळानं गुपचूप दोन पंखे अदलाबदल करून लावले. ड्रोननं जागच्या जागी कोलांटी मारली. तेव्हापासून तिसरा नियम विचारला की मुलं व्याख्या म्हणत नाहीत, हात फिरवून दाखवतात. परीक्षेत हात फिरवायला गुण नाहीत, ही बाईंची चिंता.

मग लॅपटॉपवर आज्ञा रचायची पाळी. एकानं ‘उड’ लिहिलं, ‘उतर’ लिहायचं विसरला. बाई म्हणाल्या, “असू दे, १५ सेकंद हुकूम आला नाही तर तो आपोआप खाली बसतो.” सगळे वर बघत राहिले. बाईही. म्हणजे नववी ब लाही १५ सेकंद कुणाचाच हुकूम नव्हता. मी दारातून पाहिलं, तेव्हा अख्ख्या वर्गात खाली बसलेला असा तो एकटाच होता.