कौलं उतरवा!

नाताळात फुग्यांची परात पुढे सरकवत शेजारच्या वसईकर काकांनी विचारलं, "काळात मागे जाता आलं, तर आमच्या चर्चच्या इतिहासातलं काय बघाल?" काकूंना सिस्टीन चॅपेलचं छत रंगवताना मान अवघडलेला मायकेलअँजेलो बघायचा होता. काकांना १६१६ साली राशोलला जाऊन फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ची एक छापील प्रत पिशवीत घालून आणायची होती.

मी सहा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मला व्हितेर्बोला जायचंय.

रोमच्या उत्तरेच्या या गावात नोव्हेंबर १२६८ मध्ये चौथे क्लेमेंट पोप वारले. नवा पोप निवडायला कार्डिनल जमले, आणि जमलेलेच राहिले. फ्रेंच गट, इटालियन गट. दोन तृतीयांश मतं कुणालाच मिळेनात. शेवटी गावकऱ्यांनी त्यांना कोंडून घातलं, जेवण तोडून पाव-पाण्यावर आणलं. तरी ढिम्म. मग त्यांनी वाड्याचं छप्परच उतरवलं!

मला नेमकं तेच बघायचंय. एक गडी कौल उचलून आत डोकावतोय आणि खालून लाल टोप्या एकदम वर बघतायत. पवित्र आत्म्याला यायला वाट मोकळी झाली, अशी कोटी त्यांच्यातल्याच एका इंग्रज कार्डिनलने केली म्हणतात. जून १२७० मध्ये या मंडळींनी एका आजारी सहकाऱ्याला घरी सोडा म्हणून पत्र लिहिलं. त्यावर स्थळ काय घातलं? छप्पर काढलेला वाडा! तक्रार नाही, त्रागा नाही. मिनिट्स लिहावीत तर अशी.

छप्पर गेल्यावरही वर्षभर घोळ चालूच. अखेर १ सप्टेंबर १२७१ रोजी ज्यांना निवडलं, ते तेओबाल्दो व्हिस्कोंती कार्डिनल नव्हते आणि तिथे हजरही नव्हते. ते होते थेट पवित्र भूमीत, एकर शहरात. आमच्याकडेही खजिनदार असाच निवडतात: जो मीटिंगला आला नाही तो.

हेच दहावे ग्रेगरी. त्यांनी १२७४ मध्ये नियमच केला: निवडणारे कुलपात; तीन दिवसांत निकाल नाही तर जेवणात एकच पदार्थ; आणखी पाच दिवसांनी फक्त पाव, पाणी आणि वाइन. वाइन ठेवली, माणूस जाणता!

आमची वार्षिक सभा येत्या रविवारी सकाळी दहाला गच्चीवर आहे. छप्पर मुळातच नाही. जिन्याची किल्ली माझ्याकडे राहील आणि बटाटेवडे ठराव मंजूर झाल्यावरच वर येतील, याची सभासदांनी नोंद घ्यावी.