अहो, ऐकताय ना?

जुन्या गाडीचं इंजिन बदलायचं म्हटलं की लोक आधी आत्म्याचा विषय काढतात. नरपडला मामाच्या चिकूच्या वाडीत १९९२ सालची मॅटाडोर उभी असते. आत दोन बाक, गॅसची शेगडी, एवढीशी मोरी आणि टपावर पाण्याची टाकी. मामा तिला कॅम्पर म्हणतो, मामी ‘तुमचा तबेला’ म्हणते. तिच्यात नवं इंजिन घालायचं ठरल्याची बातमी पसरली आणि पुण्याहून एक जाणकार पाहुणे धावत आले. “ओरिजिनल ते ओरिजिनल! इंजिन काढलंत की आत्मा गेला म्हणून समजा.”

आता मॅटाडोरचा आत्मा नेमका कुठला? १९४९ साली हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीनं पहिली टेम्पो मॅटाडोर काढली, ती फोक्सवॅगन बीटलचं २५ अश्वशक्तीचं इंजिन घालून. १९५० मध्ये फोक्सवॅगननं स्वतःची व्हॅन आणली. पुढे हिप्पी मंडळी जिच्यातून थेट हिंदुस्थानपर्यंत आली, तीच ही. घरचीच गाडी तयार झाल्यावर परक्याला इंजिन कोण देतो? काही वर्षांत पुरवठा बंद. मग हाइन्केल, मग ऑस्टिन. फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं मॅटाडोर आपल्याकडे आणली आणि पुढे तिच्यात मर्सिडीजच्या परवान्यावरचं २.४ लिटरचं ओएम ६१६ डिझेल बसलं. गीतेत आत्मा जुनी शरीरं टाकून नवी घेतो. इथे शरीर जागेवर आणि आत्मे येऊन-जाऊन. खुद्द फोक्सवॅगननंही ब्राझीलमध्ये २००५च्या अखेरीस त्या लाडक्या व्हॅनचं हवेवर थंड होणारं इंजिन काढून पाण्यावरचं १.४ लिटरचं बसवलं आणि २०१३पर्यंत ती खुशाल विकली. हे सगळं ऐकून पाहुण्यांनी चिकू मागवले.

कायदा मात्र पाहुण्यांच्या बाजूचा. गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि ती मूळ रूपात असली, तर २०२१च्या नियमानुसार ‘व्हीए’ मालिकेचा मानाचा क्रमांक मिळतो. मामाच्या गाडीला पन्नाशी गाठायला २०४२ उजाडेल. तोवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. बदलाआधी परवानगी घ्या, बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवा, आरसी पुस्तक दाखवा. मामानं चक्क आधी अर्ज केला. मामीच्या मते, लग्नानंतर त्यानं योग्य क्रमानं केलेलं हे पहिलं काम.

इंजिन मिळालं कुर्ल्याच्या भंगारात. मागून ठोकर बसलेल्या ट्रॅव्हलरचं, २.६ लिटरचं कॉमनरेल. बसवायला मिस्त्री आला तो डहाणूच्या खाडीतल्या बोटींची इंजिनं बसवणारा. माणूस हाताचा पक्का. नव्या इंजिनाची भोकं जुन्या गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळेनात, तेव्हा त्यानं वाडीतलं चिकूचं खोकं फाडलं, पुठ्ठा इंजिनाच्या तोंडावर धरला आणि ग्रीस लावलेल्या अंगठ्यानं एकेक भोक छापून घेतलं. मग पुठ्ठा उलटा करून गिअरबॉक्सची भोकं. तो पुठ्ठा बोईसरला लेथवर गेला आणि तिथून जाड लोखंडी प्लेट होऊन आला. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या प्लेटलाही मिळायला हरकत नाही.

“ब्रेकचं काय?” मी विचारलं. नव्या इंजिनाची ताकद जास्त, थांबवायचं सामान जुनंच.

“बोटीला ब्रेक नसतो,” मिस्त्री शांतपणे म्हणाला. त्या वाक्यानंतर मामानं ब्रेकसाठी दुसरा माणूस लावला.

खरा घोळ पुढेच. जुनं इंजिन डिझेल आणि हवा यांपलीकडे काही मागत नसे. नव्याला एक कॉम्प्युटर लागतो आणि त्या कॉम्प्युटरला सगळं कळायला लागतं: पाय किती दाबला, पाणी किती तापलं, क्लच कुणी दाबला. आमच्या गाडीत यातलं सांगणारं कुणी नव्हतं. वायरींचं जुडगं डॅशबोर्डखालून लोंबत होतं आणि मिस्त्री त्यातली एकेक वायर बोटीच्या दोराला लावावी तशी गाठ मारून मोकळा होत होता. शेवटी वायरमन आणला. त्यानं सगळं सोडवलं आणि पुन्हा जोडलं. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा तेवढा विझेना. मामीनं कपाळावरची टिकली काढून त्यावर चिकटवली. प्रश्न मिटला.

पहिली फेरी चिखले, घोलवड करत बोर्डीपर्यंत, मिस्त्रीही बरोबर. सुरूच्या बनाला लागलो आणि लक्षात आलं, गाडीत शांतता आहे! जुन्या इंजिनाच्या धडधडीखाली काय काय झाकलं होतं, ते एकेक बाहेर येऊ लागलं. मोरीखालची बादली, सरकत्या दाराचं चाक, खाऱ्या हवेनं कुरतडलेला फरशीचा पत्रा, शेगडीवरचं पातेलं. आणि मामी.

इतकी वर्षं ती मागच्या बाकावरून बोलतच होती. मामा आरशात बघून मान डोलवायचा आणि संसार सुखाचा चालला होता. आता एकेक अक्षर स्वच्छ. चिखल्यापर्यंत मामीनं रंगकामाचा विषय संपवला. घोलवडला मामाच्या बहिणीच्या लग्नातला मानपान निघाला (ती बहीण म्हणजे माझी आई, मी खिडकीबाहेर बघत राहिलो). बोर्डीला पोचेपर्यंत थकबाकी १९९८पर्यंत वसूल झाली होती.

“अहो, ऐकताय ना?”

ऐकत होता. तीच तर अडचण होती.

बोर्डीला चहासाठी थांबलो. मामानं मिस्त्रीला बाजूला घेतलं. “ते जुनं इंजिन आहे का अजून?”

“नाही शेठ, बोटीत बसवलं. काय आवाज देतंय! शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही.”

मामानं बशीतला चहा संपवला, समुद्राकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली घेऊन विचारलं, “त्या बोटीवर माणूस लागतोय का हो?”