मैदाने मोजणारा गृहस्थ

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे ‘मेजर लीग’मध्ये, ३० संघ खेळतात, त्यांपैकी २९ अमेरिकेत असून एक कॅनडातील टोरांटो शहराचा आहे, आणि मार्चअखेरीस सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपणाऱ्या मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, ज्यांपैकी ८१ त्याच्या स्वतःच्या मैदानावर होतात. सर्वसामान्य प्रेक्षक या आकड्यांकडे करमणुकीचा भरघोस पुरवठा म्हणून पाहतो. परंतु त्याच समाजात असाही एक वर्ग आहे, की ज्याला हे आकडे पाहून आपल्यावर काही जबाबदारी येऊन पडल्यासारखे वाटते. मोटारीने देशभर फिरून तीसही मैदानांवर किमान एकेक सामना पाहिल्याखेरीज डोळे मिटायचे नाहीत, असा पण केलेल्या या गृहस्थाला सोयीसाठी ‘मैदानयात्री’ म्हणता येईल. तो बहुधा पन्नाशी ओलांडलेला, ओहायो किंवा इंडियाना यांसारख्या मध्यपश्चिमेकडील राज्यात राहणारा, विम्याचे हप्ते वेळेवर भरणारा आणि शेजाऱ्याच्या अंगणातील बर्फ न सांगता उपसून देणारा असा सद्गृहस्थ असतो. आयुष्यात हाती घेतलेली इतर कामे, उदाहरणार्थ गॅरेजमधील फळ्यांना रंग देणे, त्याने कधीही तडीस नेलेली नसतात, आणि कदाचित त्यामुळेच हे एक काम तडीस जाईल यावर त्याचा अढळ विश्वास असतो.

मैदानयात्रीचा खरा मोसम हिवाळ्यात असतो. बाहेर गुडघाभर बर्फ साचलेले असताना तो स्वयंपाकघरातील टेबलावर वेळापत्रक, नकाशा आणि चार रंगांच्या पेन्सिली घेऊन बसतो. बेसबॉलचा संघ साधारणतः आठवडाभर घरच्या मैदानावर खेळतो आणि नंतर तितकेच दिवस परगावी जातो. म्हणजे पिट्सबर्गचा संघ घरी असेल तेव्हा क्लीव्हलँडचा दौऱ्यावर असण्याची आणि डेट्रॉइट गाठावे तर नेमका त्याच दिवशी तेथे सुट्टीचा वार असण्याची शक्यता दाट असते. शिकागोसारख्या शहरात तर दोन संघ आहेत, उत्तरेला कब्स आणि दक्षिणेला व्हाइट सॉक्स, आणि वेळापत्रक आखणारे ते दोघे शक्यतो एकाच वेळी घरी असणार नाहीत याची काळजी घेतात. अनेक शहरांना एकदाच भेट देऊन परत येण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधणे हा गणितातील एक अवघड प्रश्न मानला जातो. मैदानयात्रीच्या प्रश्नात तर शहरेच तारखेनुसार उगवतात आणि मावळतात. मुहूर्त काढणारे जोशीबुवा जसे पंचांगावर बोट ठेवून वर न पाहताच मान हलवतात, तशी त्याची मान या काळात सतत हलत असते. जूनच्या दुसऱ्या शनिवारी भाचीचे लग्न ठरल्याचे कळते, तेव्हा तो मुळीच विरोध करीत नाही. तो फक्त, वधूवरांची हरकत नसेल तर समारंभ क्लीव्हलँडला ठेवता येईल का, एवढेच विचारतो.

न पाहिलेल्या मैदानांविषयीचे त्याचे ज्ञान पाहिलेल्यांपेक्षा अधिक असते, आणि याला बेसबॉलचा एक नियम कारणीभूत आहे. या खेळात फलंदाजाने ज्यांना क्रमाने स्पर्श करीत धावायचे असते त्या ‘बेस’ नावाच्या चार ठाण्यांमध्ये ९० फुटांचे, आणि चेंडू फेकणाऱ्या ‘पिचर’पासून फलंदाजाच्या ठाण्यापर्यंत ६० फूट ६ इंचांचे अंतर सर्वत्र सारखे असते; मात्र त्यापलीकडील मैदानाचा आकार आणि कुंपणाची उंची प्रत्येक शहराने आपापल्या जागेनुसार ठरविलेली असते. त्यामुळे बॉस्टनच्या फेनवे पार्कची डावीकडची भिंत, पाठीमागे लगेच रस्ता असल्याने मैदान तिकडे वाढवता येईना म्हणून, ३७ फूट २ इंच उंच आहे. आणि हे मैदान २० एप्रिल १९१२ रोजी, म्हणजे टायटॅनिक बुडाल्यानंतर पाचच दिवसांनी, आपला पहिला मेजर लीग सामना भरवते झाले, ही गोष्ट मैदानयात्री जेवणाच्या पाहुण्यांना सूप संपण्यापूर्वीच सांगून टाकतो. शिकागोच्या रिगली फील्डमध्ये कुंपणाच्या विटांवर १९३७ साली वेल चढविण्यात आली. चेंडू त्या पानांत अडकून बसला तर फलंदाजाला दोन ठाणी बहाल केली जातात आणि क्षेत्ररक्षक हात वर करून उभा राहतो. याच मैदानावर १९८८ पर्यंत दिवे नव्हते. डेन्व्हर हे शहर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर वसले असल्याने तेथील मैदानाच्या वरच्या मजल्यावरील एक संपूर्ण ओळ जांभळी रंगविलेली आहे, कारण ती बरोबर ५,२८० फुटांवर येते; विरळ हवेत चेंडू फार लांब जातो म्हणून तेथे २००२ पासून चेंडू दमट खोलीत साठवले जातात. मुख्य पदार्थ येईपर्यंत पाहुण्यांना हेही कळलेले असते.

या सर्व वैभवात त्याचे मन जडलेले असते ते फेनवे पार्कमधील एका खुर्चीवर. उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात बेचाळिसाव्या विभागातील सदतिसाव्या ओळीतील एकविसावी खुर्ची तेवढी लाल आहे; ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्स या फलंदाजाने टोलवलेला चेंडू ५०२ फूट जाऊन तेथे बसलेल्या एका प्रेक्षकाच्या गवती हॅटवर आदळला, त्याचे ते स्मारक होय. स्मारक टोलवणाऱ्याचे मानले जाते. हॅटवाल्याची दखल क्रीडा-इतिहासाने हवी तेवढी घेतलेली नाही.

मैदान ‘झाले’ असे केव्हा म्हणावे, याविषयी मैदानयात्रींमध्ये जे मतभेद आहेत ते धर्मशास्त्राला शोभतील असे आहेत. बाहेरून पाहिलेले मैदान धरत नाहीत, यावर सर्वांचे एकमत आहे. त्याच मैदानावर गाण्याचा कार्यक्रम ऐकला असेल तर तोही धरत नाहीत. पावसाचा प्रश्न मात्र बिकट आहे. बेसबॉलमध्ये दोन्ही संघांनी एकेकदा फलंदाजी केली की एक ‘इनिंग’ पूर्ण होते आणि अशा नऊ इनिंगांचा सामना असतो. पाऊस आला तर साधारणतः पाच इनिंग झाल्या असल्यासच सामना अधिकृत ठरतो. तेव्हा चौथ्या इनिंगमध्ये पावसाने उधळलेले मैदान मोजावे काय? कर्मठांच्या मते नाही. उदारमतवादी म्हणतात, की पार्किंगचे पैसे दिले असतील तर मोजावे.

याहून मोठे संकट म्हणजे मैदानेच स्थिर राहत नाहीत. अटलांटाच्या संघाने १९६६ ते १९९६ एक मैदान वापरले, १९९७ पासून दुसरे आणि २०१७ पासून तिसरे. म्हणजे एका शहरासाठी तीनदा मोटार काढणाऱ्या माणसाच्या खात्यावर आज एकच मैदान जमा आहे. टेक्ससच्या संघाने १९९४ साली उघडलेले मैदान २०१९ पर्यंतच वापरले, कारण तेथील उन्हाळा छपराशिवाय सोसवेना, आणि २०२० मध्ये पलीकडेच छप्पर असलेले नवे मैदान तयार झाले. ज्याचे तीस पूर्ण झाले होते त्याचे एका रात्रीत एकोणतीस होतात, आणि त्या रात्री मैदानयात्रीच्या चेहऱ्यावर जो भाव दिसतो त्याला शास्त्रशुद्ध भाषेत दुःख म्हणणे धाडसाचे ठरेल. ओकलंडच्या संघाने २०२४ अखेर ते शहर सोडून सॅक्रामेंटोतील एका छोट्या मैदानात तात्पुरता मुक्काम हलवला, तेव्हा यादीत त्याची नोंद पेनाने करावी की पेन्सिलीने, यावर बरीच चर्चा झाली. पेन्सिलीचा पक्ष विजयी झाला.

मैदानयात्रीची पत्नी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कॅन्सस सिटीपासून डेन्व्हरपर्यंतचा सुमारे ६०० मैलांचा सपाट रस्ता, ज्यावर गव्हाची शेते आणि धान्याची कोठारे यांखेरीज नजर ठरायला काही नाही, तो अर्धा तीच गाडी चालवून पार करते. तिचीही एक वही असते, आणि तीत कोणत्या मैदानातील स्वच्छतागृहापुढे किती वेळ रांगेत उभे राहावे लागते, कोठे सावलीची बाजू तिसऱ्या बेसकडे आहे आणि कोठे खुर्चीचा कठडा गुडघ्याला लागतो, याच्या नेमक्या नोंदी असतात. दोन वह्यांपैकी भावी संशोधकांना कोणती अधिक उपयोगी पडेल, हे उघड आहे.

या पंथात मराठी माणसाचाही अलीकडे प्रवेश झाला आहे. न्यू जर्सी, शिकागो किंवा कॅलिफोर्नियातील संगणक अभियंता मुलाच्या हट्टाखातर प्रथम मैदानावर जातो, दोन इनिंग होईपर्यंत चेंडू टप्पा का घेत नाही याविषयी तक्रार करतो आणि तिसऱ्या मैदानानंतर स्वतःच वेळापत्रक मागवतो. काही मैदानांत घरचे खाणे पारदर्शक पिशवीतून नेता येते, हा नियम त्याने इतर सर्व नियमांच्या आधी आत्मसात केलेला असतो. त्यामुळे हॉट डॉगच्या वासात मधूनच लसणीच्या चिवड्याचा वास येऊ लागला, तर मागच्या ओळीत कोण बसले आहे हे वळून पाहण्याची गरज उरत नाही.

अखेर तो दिवस उजाडतो. दरवाजे सामन्यापूर्वी तासदीड तास उघडतात आणि मैदानयात्री त्याहीपूर्वी रांगेत असतो. डिकीतून त्याने चामड्याचा हातमोजा काढलेला असतो, ज्याला हिवाळाभर तेल चोळून, आत चेंडू ठेवून आणि वरून रबरबँड आवळून मऊ केलेले असते. प्रेक्षकांत आलेला चेंडू झेलणाऱ्याला ठेवून घेता येतो, आणि नातवंडे असलेल्या माणसाने त्यासाठी हातमोजा घालून बसणे अमेरिकेत लांछनास्पद मानले जात नाही. जागेवर बसताच तो गुणपत्रिका उघडतो. क्षेत्ररक्षणाच्या प्रत्येक जागेला १ ते ९ यांपैकी एक अंक नेमून दिलेला असतो, त्यामुळे सहा क्रमांकाच्या खेळाडूने अडवलेला चेंडू चारकडे आणि तेथून तीनकडे जाऊन दोन गडी बाद झाले, की तो चौकटीत ६-४-३ असे बारीक अक्षरात लिहितो आणि टोक बोथट झाले म्हणून खिशातून दुसरी पेन्सिल काढतो. ही पद्धत ज्यांच्या प्रयत्नांतून रुजली ते हेन्री चॅडविक हे मूळचे इंग्रज आणि क्रिकेटचे वार्ताहर होते. लिहिण्याच्या नादात चेंडू थेट त्याच्या ओळीत येतो, तेव्हा हातमोजा मांडीखाली असतो आणि चेंडू शेजारची नऊ वर्षांची मुलगी टोपीत झेलते. सातव्या इनिंगच्या मध्यावर सारे प्रेक्षक उभे राहून १९०८ सालचे एक गाणे म्हणतात. त्याच्या गीतकाराने तोवर एकही सामना पाहिलेला नव्हता, असे सांगितले जाते, आणि मैदानयात्रीला यात काहीही विसंगत वाटत नाही.

आठव्या इनिंगमध्ये कोण पुढे आहे, असे पत्नीने विचारल्यास त्याला पत्रिकेवरील बेरीज करावी लागते, कारण त्याचे लक्ष मांडीवरच्या नकाशाकडे गेलेले असते. ओकलंड सोडून निघालेल्या त्या संघासाठी लास व्हेगासमध्ये नवे मैदान बांधले जात असून ते २०२८ मध्ये उघडण्याचे नियोजन आहे. तेथील ऊन दुपारी कोणत्या बाजूने येईल, याचा अंदाज घेऊन त्याने पहिल्या बेसच्या बाजूची, वरच्या मजल्यावरील दोन जागांची ओळ मनाशी पक्की केलेली आहे. आता प्रश्न एवढाच उरला आहे, की वाटेत सॅक्रामेंटो करावे की नाही, आणि केले तर ते पेनाने लिहावे काय.